धूर म्हणजे वाया गेलेले सरपण: घरची चूल नीट कशी वापरावी

सोलापुरात गॅस घरोघरी पोचला, तरी चूल घरातून गेलेली नाही. हद्दवाढ भागातल्या परसदारी, शेतातल्या वस्तीवर, भाकरी करून विकणाऱ्या बायकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती रोज पेटते. गॅसवर भाकरी होत नाही असे नाही. पण दहा-पंधरा माणसांच्या भाकरी, आंघोळीचे पाणी आणि जनावरांची आंबोण असा सगळा पसारा असला की चुलीवाचून भागत नाही. मी स्वतः वीसहून अधिक वर्षे चुलीसमोर बसते आहे. त्यातली पहिली कितीतरी वर्षे मी डोळे चोळत, फुंकणी फुंकत आणि गरजेच्या दुप्पट सरपण जाळत काढली, कारण धूर हा चुलीचा स्वभावच आहे असे मला वाटत होते. तो समज चुकीचा होता. चूल धुरते ती आपल्या चुकीमुळे, आणि ती चूक बहुतेक वेळा दुरुस्त करता येते.

लाकूड जळताना काय होते, हे आधी समजून घ्यावे. लाकूड तापू लागले की प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. त्यानंतर उष्णता दोनशे-तीनशे अंशांच्या घरात गेली की लाकडातून वायू बाहेर पडू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने बाहेर येतो आणि उरतो तो कोळसा. आपल्याला जी ज्वाळा दिसते, ती या वायूंच्या जळण्याची असते. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली तर ते जळून जातात, नाही मिळाली तर तसेच बाहेर पडतात, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे न जळलेले सरपणच आहे. पैसे देऊन आणलेले किंवा डोक्यावरून वाहून आणलेले जळण आपण भांड्याखाली न जाळता डोळ्यांत आणि छातीत भरून घेतो. चुलीचा खर्च आणि चुलीपासून होणारे आजार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकावर इलाज केला की दुसरी आपोआप आटोक्यात येते, आणि म्हणूनच पुढची प्रत्येक सूचना मी धुराकडे बोट दाखवूनच सांगणार आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सरपणाचा कोरडेपणा. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. एक किलो पाणी 30 अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण 290 किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला मात्र सुमारे 2,260 किलोज्यूल लागते, म्हणजे जवळजवळ पावणेआठ पट. ओले लाकूड चुलीत घातले की ही सगळी उष्णता आधी लाकडातले पाणी उडवण्यात खर्ची पडते, ज्वाळा थंड पडते आणि वायू न जळता बाहेर येतात. लाकडाच्या टोकाशी फेस येऊन सूं-सूं आवाज येत असेल, तर ते लाकूड अजून चुलीत जाण्याच्या लायकीचे झालेले नाही, असे खुशाल समजावे.

या बाबतीत आपल्या हवामानाची आपल्याला मोठी मदत आहे. सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा सप्टेंबरात पडतो; उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जानेवारीत संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आटोपली की तुरीच्या तुराट्या निघतात, बांधावरच्या बाभळी छाटल्या जातात. ते सरपण त्याच वेळी फोडून, अंगठ्याएवढ्या ते मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करून उन्हात रचले, तर मृग लागेपर्यंत ते खडखडीत वाळते. न फोडलेला ओंडका मात्र वर्षभर उन्हात पडला तरी आतून ओला राहू शकतो, कारण सालीतून पाणी लवकर बाहेर पडत नाही. वाळले की नाही हे पाहण्यासाठी दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात. वाळलेल्या असल्या तर टणक, खणखणीत आवाज येतो आणि ओल्या असल्या तर दबका येतो. कापलेल्या टोकाला चिरा पडलेल्या असणे आणि साल हाताने सुटणे, याही चांगल्या खुणा आहेत. मनात शंका असेल तर एकच ढलपी दर आठवड्याला काट्यावर वजन करून पाहावी. वजन उतरायचे थांबले की ती वाळली.

सरपणाची रास जमिनीवर थेट रचू नये. खाली दगड किंवा विटा ठेवाव्यात, वर पत्रा टाकावा आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या सोडाव्यात. ही रास चुलीला लागून कधीही नसावी. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे विसरून चालत नाही: सरपणाच्या राशीत विंचू आणि साप आसरा घेतात. पहाटेच्या अंधारात राशीत हात घालू नये. बॅटरी लावावी, काठीने रास ठोकावी, ढलपी उचलून आपटावी आणि मगच हातात घ्यावी.

प्रत्येक जळणाचा गुण वेगळा आहे. बाभूळ आणि चिंच सावकाश जळतात आणि त्यांचे निखारे दमदार होतात. डाळ शिजवायला, शेंगा भाजायला ती उत्तम. तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या भराभरा पेटून मोठी ज्वाळा देतात, त्या भाकरीच्या तव्याखाली हव्यात. गोवरीची धग मंद असते, ती दूध तापत ठेवायला बरी. पण तिचा धूर पुष्कळ होतो, म्हणून घरातल्या चुलीत तिचा वापर कमीत कमी करावा. उसाचे पाचट भडकते आणि लगेच विझते, शिवाय जळते तुकडे उडवते. ते पेटवणासाठी चिमूटभर ठीक, त्यापलीकडे नाही.

काय जाळू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे. प्लास्टिकच्या आणि दुधाच्या पिशव्या, पीव्हीसी पाइपचे तुकडे, टायर, रंग दिलेली दारे-खिडक्या, प्लायवूड आणि सनमायका यांतले काहीही चुलीत घालू नये, कारण त्यांच्या धुरात विषारी वायू असतात आणि ते थेट अन्नावरून आणि आपल्या नाकातोंडातून जातात. आपल्या गावात यंत्रमागांमुळे चिंध्या आणि सुताचा कचरा सहज मिळतो आणि पेटवण म्हणून तो वापरण्याचा मोह होतो. पण रंगवलेले, तेलकट किंवा पॉलिएस्टर मिसळलेले सूत चुलीसाठी नाही. कण्हेरीच्या सर्व भागांत विष असते आणि तिचा धूरही घातक असतो, म्हणून कुंपणाची छाटलेली कण्हेर सरपणात चुकूनही मिसळू देऊ नये. शेरासारख्या चिकाच्या झाडांचाही डोळ्यांना त्रास होतो.

आता चुलीकडे वळू. तीन दगडांच्या साध्या चुलीत जळणाची साधारण दहा ते पंधरा टक्केच उष्णता भांड्याला मिळते; बाकीची उघड्यावर उडून जाते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 13152 या मानकाप्रमाणे पंखा नसलेल्या सुधारित चुलीने किमान 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीने किमान 35 टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे. विकत घेताना हे विचारून घ्यावे. पण घरची मातीची चूलही पुष्कळ सुधारता येते. नुसत्या काळ्या मातीची चूल घालू नये, कारण काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात, मग त्या भेगांतून धूर येतो. पांढरी माती, त्यात बारीक भुस्कट आणि घोड्याची लीद किंवा शेण मिसळून, दोन दिवस भिजवून, तुडवून मग चूल घालावी आणि सावलीत वाळू द्यावी. आठवड्यातून एकदा चुलीवर शेणमातीचे पोतेरे फिरवण्याची आपली जुनी रीत आहे, ती केवळ स्वच्छतेची नाही. त्याने बारीक भेगा बुजतात.

चुलीत एक लोखंडी जाळी बसवावी, एवढ्या एका बदलाने सर्वांत जास्त फरक पडतो, असे माझे ठाम मत आहे. साध्या चुलीत लाकूड राखेत रुतून बसते आणि त्याला खालून हवा मिळत नाही. आठ मिलिमीटरच्या सळ्यांची, तळापासून तीन-चार बोटे उंच राहील अशी जाळी कोणताही वेल्डिंगवाला करून देतो. जाळीवर लाकूड ठेवले की हवा खालून येते, राख खाली गळते आणि ज्वाळा पिवळसर, चमकदार व जवळजवळ बिनधुराची होते. जाळी आणि भांड्याचे बूड यांत वीतभरापेक्षा किंचित कमी अंतर असावे. अंतर फार कमी झाले तर ज्वाळा थंड भांड्यावर आपटून विझते आणि बुडाला काजळी धरते; फार जास्त झाले तर धग वाया जाते. चुलीच्या कडा आणि भांडे यांच्यामध्ये बोटभर फट असावी, म्हणजे गरम हवा भांड्याला घासून वर जाते. वैल, म्हणजे चुलीला आतून जोडलेले बाजूचे दुसरे तोंड, असेल तर तिच्यावर नेहमी एक पाण्याचे भांडे ठेवावे, कारण ती धग एरवी फुकटच जाते.

चूल पेटवताना घाई करू नये. आधी आदल्या दिवशीची राख काढावी, खिडकी-दार उघडावे आणि लहान मुलांना बाहेर पाठवावे, कारण सर्वांत जास्त धूर पहिल्या चार-पाच मिनिटांत होतो. जाळीच्या मधोमध मूठभर वाळलेले चिपाड किंवा ज्वारीची धसकटे, त्यावर आडव्या-उभ्या बारीक काटक्या अशी मोकळी रचना करावी आणि खालून काडी लावावी. बारीक काटक्या चांगल्या धडधडू लागल्या की मगच ढलप्या सरकवाव्यात. थंड भांडे लगेच वर ठेवल्याने कोवळी ज्वाळा दबते, म्हणून तेवढा दम धरावा. फुंकणीने ज्वाळेवर नाही, निखाऱ्याच्या मुळाशी हळू आणि लांब फुंकर घालावी.

रॉकेल, डिझेल, पेट्रोल किंवा सॅनिटायझर चुलीत ओतण्याचा विचारही करू नये. धगधगत्या किंवा विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांवर रॉकेल पडले की त्याची आधी वाफ होते, ती चुलीभर पसरते आणि मग एकदम भडका उडून समोर वाकलेल्या माणसाचा चेहरा पोळतो.

पेटल्यानंतर तीन-चार ढलप्या एका थरात, एकमेकींत बोटभर अंतर ठेवून घालाव्यात. चुलीच्या तोंडाचा निदान अर्धा भाग हवेसाठी मोकळा राहिला पाहिजे. फक्त टोके जळावीत, आणि ती जळतील तसे लाकूड पुढे सारावे. चूल कोंबून भरली की धग वाढते हा भ्रम आहे: त्याने एकाच वेळी खूप वायू सुटतात, त्यांना हवा पुरत नाही आणि घर धुराने भरते. धूर दिसला की एक ढलपी काढून घ्यावी. दहापैकी नऊ वेळा तेवढ्यानेच चूल साफ जळू लागते.

भाकरीच्या बाबतीत विस्तवाची दोन रूपे लागतात. तव्यावर पाण्याचे चार थेंब टाकले आणि ते नाचत उडाले, की तवा तयार झाला. या वेळी खाली तुराट्यांची मध्यम ज्वाळा हवी. भाकरी टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकले आणि कडा सुटल्या की ती उलटावी. दुसरी बाजू भाजत आली की ढलप्या मागे ओढून निखारे चुलीच्या तोंडाशी घ्यावेत आणि भाकरी त्यांच्यासमोर टेकवून उभी करावी; निखाऱ्यांच्या धगीने आतल्या पाण्याची वाफ होते आणि मालदांडी ज्वारीच्या पिठाची भाकरी टम्म फुगते. कडक भाकरी करायची असेल तर पातळ थापलेल्या भाकरी शेवटी, सरपण घालणे थांबवल्यावर, उतरत्या धगीवर सावकाश सुकवाव्यात. तेवढा अर्धा तास चुलीला नवे जळण अजिबात लागत नाही.

डाळ-भातासाठी दोन सवयी पुरेशा आहेत. डाळ आधी भिजत घालावी, आणि भांड्यावर झाकण ठेवावे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून थोडे अधिक उंच असल्याने इथे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते, आणि एकदा उकळी आली की कितीही जाळ घातला तरी त्याचे तापमान वाढत नाही. ढणाढणा उकळण्याने फक्त वाफ वाढते. म्हणून उकळी आली की जाळ निम्म्याने कमी करावा. भात उकळी येऊन पाच-सात मिनिटे झाला, की पातेले उतरवून, बुडाला ठिणगी चिकटलेली नाही हे पाहून, जुन्या सुती सोलापुरी चादरीत चारी बाजूंनी गुंडाळून ठेवावे. अर्ध्या-पाऊण तासात तो आपोआप शिजतो.

जाळी आणि कोरडे सरपण असले तरी थोडा धूर होणारच, आणि तो घराबाहेर गेलाच पाहिजे. घरातल्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि चुलीजवळ सर्वांत जास्त वेळ बसतात त्या बायका आणि त्यांच्या मांडीवरची मुले. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत उजेडासाठी आणि धुरासाठी छताला साणे, म्हणजे भोक, ठेवलेले असे. स्लॅबच्या आणि पत्र्याच्या घरांत ते गेले आणि धूर कोंडू लागला. चुलीच्या वर समोरासमोर दोन झरोके असावेत किंवा धुराडे घालावे. धुराड्याची नळी छपराच्या वर निदान दोन-तीन फूट जावी, आणि पत्र्याची नळी लाकडी तुळई, वासे किंवा प्लास्टिकच्या ताडपत्रीपासून हातभर दूर असावी. नळीत काजळी साचते, आणि जाड थर साचला तर तीच पेट घेऊ शकते, म्हणून महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, बांबूला पोते बांधून नळी आतून साफ करावी. 1980च्या दशकात सरकारच्या सुधारित चुलींच्या कार्यक्रमातून देशभर धुराड्याच्या चुली बसवल्या गेल्या होत्या. त्यांतल्या अनेक पुढे पडून राहिल्या त्या देखभालीअभावीच.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नये. लालबुंद निखाऱ्यांतून धूर येत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास. हिवाळ्यात निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणे म्हणूनच जीवघेणे ठरते. डोके दुखू लागणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे आहेत; ती जाणवताच ताबडतोब सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे. हाच नियम पाण्याच्या बंबाला लागू आहे. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीतच पेटवावा, न्हाणीघरात कधीही नाही, आणि त्यात पाणी भरल्याशिवाय विस्तव घालू नये, कारण रिकाम्या बंबाचे झाळलेले सांधे सुटतात.

चुलीसमोर बसताना सुती कपडे घालावेत. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची साडी पेट घेताच वितळून कातडीला चिकटते. पदर आणि ओढणी घट्ट खोचावी, केस बांधावेत, भांडे उतरवताना पदराचे टोक न वापरता जाड सुती फडके किंवा सांडशी घ्यावी. चुलीभोवती तीन फुटांपर्यंत सरपण, कडबा, कागद, रॉकेलचा डबा यांतले काहीही नसावे, आणि रांगणारे मूल असेल तर विटांचा आडोसा घालावाच. हाताशी पाण्याची बादली आणि वाळूची पाटी ठेवावी. मात्र कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी टाकू नये, झाकण ठेवावे आणि खालचा जाळ ओढून घ्यावा. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे, सूज येण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, कातडीला चिकटलेले कापड ओढू नये आणि स्वच्छ फडक्याने सैल झाकावे. टूथपेस्ट, तूप, शाई, बर्फ यांतले काहीही लावू नये. जखम मोठी असेल किंवा चेहऱ्यावर असेल, तर 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

राखेबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. फाल्गुनातल्या एका संध्याकाळी मी चूल विझली असे समजून राख पाटीत भरली आणि उकिरड्यावर टाकून आले. राख वरून पांढरी आणि हाताला गार लागत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी वारे सुटले, राख उडाली, खाली राहिलेला सुपारीएवढा निखारा फुलला आणि पलीकडची कडब्याची गंज पेटली. दोन बैलांचा उन्हाळ्याचा चारा आमच्या डोळ्यांदेखत गेला. वारा उलटा असता तर गोठाही गेला असता. राख ही निखाऱ्याला गोधडीसारखी जपते, आणि त्याची धग आत चोवीस तासांहून अधिक काळ टिकू शकते.

तेव्हापासून आमच्या घरी रात्रीची पद्धत ठरलेली आहे. शेवटचे भांडे उतरले की न जळलेल्या ढलप्या बाहेर काढून त्यांची टोके वाळूत खुपसायची, चुलीवर पाणी मात्र ओतायचे नाही, कारण तापलेली माती तडकते. सकाळी राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरायची आणि तो डबा दोन दिवस उघड्या फरशीवर, भिंतीपासून दूर ठेवायचा. मग पाणी शिंपडून, काठीने ढवळून, वाफ किंवा चर्र आवाज येत नाही हे पाहायचे. त्यातले न जळलेले कोळसे वेचून पुढच्या पेटवणीला ठेवायचे. जी राख कडधान्याला चोळून ठेवायची असेल, तिच्यावर पाणी न घालता ती तशीच आठवडाभर डब्यात राहू द्यायची आणि नंतर चाळून घ्यायची.